दहा मिनिटांची उघाडी

मी टिपणं घेते. बाकी माझं इथं काही नाही.
अग्निशमन केंद्राचा वरचा मजला, फंडीच्या आखाताकडे तोंड,
एप्रिल संपत आला तरी खिडकीखाली मळकं बर्फ.
सव्विसावी बैठक.
पहिल्या तीन टेबलं कशी मांडायची यावरच गेल्या.

लेआंद्र थिबोदो शिवी देतो,
मी लिहिते : आक्षेप नोंदवला.
ॲग्नेस सिलिबॉय खिडकीबाहेर बघत बसते,
मी लिहिते : प्रतिसाद नाही.
खात्याचा इंजिनिअर आलेख उलगडतो, कड कॉफीत बुडते,
ते मी लिहीत नाही.

लेआंद्रच्या पणज्याच्या पणज्यानं
समुद्राच्या तोंडातून ही खाजणं काढून घेतली,
गवताच्या ढेपा रचून बांध घातला,
बांधात लाकडी उघाडी :
ओहोटीला गोडं पाणी बाहेर, भरतीला झडप बंद.
"तीनशे वर्षं!" तो टेबलावर बोटं आपटतो.
"म्हणजे परवाच की," ॲग्नेस म्हणते.
तिचे लोक इथं भाल्यानं वाम मारायचे
बांध नव्हता तेव्हा,
बांधाला शब्दही नव्हता तेव्हा.

ओदेत मध्यस्थ. बोलते कमी.
कोणी थांबलं की ती आणखी थोडं थांबते,
आणि त्या फटीतून माणूस असं काही सांगून जातो
जे सांगायला तो आलेला नसतो.

आज अडलंय कलम चारमध्ये, एका शब्दावर.
'भरतीच्या वेळी दहा मिनिटं
उघाडी उघडी ठेवण्यास परवानगी असेल.'
"परवानगी? नदीला घरी यायला?"
"आणि माझ्या शेतात खारं शिरलं
तर भरपाई तुझी नदी देणार का?"
तळ्याकाठी घर आणि दोन होड्या असलेला व्हर्नन टॅटी
घड्याळ बघतो.
पावणेदोन तास. माझ्या पानावर एकच ओळ.

"आज भरती किती वाजता?" ओदेत विचारते.
"सव्वानऊ," लेआंद्र आणि ॲग्नेस
एकदमच म्हणतात, आणि दोघंही चिडतात.

बांधावर वारा असा की टोपी हातात धरावी.
उघाडी आता काँक्रीटची, लोखंडी झडपेची.
इंजिनिअरनं बॅटरी मारली.
ओल्या भिंतीवर काचेचे दोरे,
बोटभर लांब, आरपार दिसणारे,
प्रत्येकाला दोन काळे ठिपके, तेच डोळे.
चढतात, घसरतात, पुन्हा चिकटतात.
वामांची पिल्लं. हजारो.
कुठल्या उबदार समुद्रातून निघून
वर्षभर वाहत, पोहत, या झडपेशी आलेली.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग लेआंद्र, आमच्याकडे पाठ करून :
"मला ठाऊक होतं.
दर वसंतात बाबा माझ्या हातात खराटा द्यायचे.
म्हणायचे, भिंत साफ कर."

ॲग्नेसनं त्याच्याकडे पाहिलं नाही.
हातमोजा काढला, भिंतीला एक बोट टेकवून
तशीच उभी राहिली, पाणी बुटात जाईपर्यंत.

वर आल्यावर ओदेतनं फळ्यावर लिहिलं :
'भरतीच्या वेळी दहा मिनिटं दार उघडेल.'
कोण उघडेल, ते नाही. कर्ताच गाळलेला.
"हे व्याकरण की पळवाट?" व्हर्नन म्हणाला.
"चालेल तोवर व्याकरण," ओदेत म्हणाली.
व्हर्ननची सही नाही.
ॲग्नेस मसुदा घरी नेणार, भावांना वाचून दाखवणार.
लेआंद्रनं सही केली, खाली जोडलं : यंदापुरतं.

नियम असा, की खोलीबाहेरचं बोलणं टिपणात येत नाही.
बांधावर बैठक नव्हती.
तरी मी ते लिहिलं होतं, खराट्यासकट,
थंडीनं वाकडं झालेल्या अक्षरात.

रात्री साडेअकराला फोन.
"मी तिथं जे बोललो..." लेआंद्र म्हणाला.
मी ओदेतसारखी थांबले.
त्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर.
"राहू दे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

जाऊ दे म्हणाला,
की असू दे म्हणाला?
पान अजून माझ्यापुढे आहे.
पेनाचं टोपण उघडं.